डिशमध्ये पेशी मेल्या म्हणजे औषध सापडलं का?

प्रश्न असा आलाय: "दर महिन्याला कुठेतरी वाचतो की संशोधकांना कॅन्सरच्या पेशी मारणारं नवीन रसायन सापडलं. मग पुढे त्याचं होतं काय? माझ्या मावशीला कॅन्सर आहे म्हणून विचारतोय. कंपन्या हे मुद्दाम दाबून ठेवतात का?"

नाही, दाबून नाही ठेवत. पण नुसतं नाही म्हणून सोडलं तर तुमच्या मनातली शंका काही जायची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बावीस वर्षं याच कामात आहे, आधी टीबीच्या औषधांवर आणि नंतर कॅन्सरवर, आणि एवढ्या वर्षांत लॅबच्या डिशमध्ये, म्हणजे शरीराबाहेर, कॅन्सरच्या पेशी मारणारी शेकडो रसायनं माझ्या हाताखालून गेलीत. त्यातलं पेशंटपर्यंत पोचलं एक, तेही फेज टू मध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात, थांबलं. बातमीत जे "सापडलं" म्हणतात ती या कामातली सगळ्यात पहिली आणि सगळ्यात सोपी पायरी असते, हे खरंच कोणीतरी नीट सांगायला हवं.

ती पायरी कशी असते ते सांगतो. एक प्लॅस्टिकची प्लेट असते, तळहातापेक्षा थोडी मोठी, तिला ९६ छोटे खळगे. प्रत्येक खळग्यात चार-पाच हजार पेशी टाकायच्या, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ३७ डिग्रीला ठेवायच्या म्हणजे त्या तळाला चिकटतात, आणि दुसऱ्या दिवशी रसायन घालायचं, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी कमी करत. तीन दिवस थांबायचं. मग एमटीटी नावाचा पिवळा डाय घालायचा, जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात आणि मेलेल्या काही करत नाहीत, त्यामुळे तीन-चार तासांनी स्फटिक विरघळवून प्लेट उजेडासमोर धरली की डावीकडे फिकट पिवळं आणि उजवीकडे गडद जांभळं असा सुंदर उतार दिसतो. मी आजवर हजारो प्लेट बघितल्यात आणि अजूनही असा उतार दिसला की छातीत धडधडतं. पण त्या प्लेटला आपण प्रश्न विचारला तो एवढाच, की या खळग्यात डाय बदलण्याइतकं काम करणाऱ्या पेशी किती उरल्यात. पेशी मेली की नुसती सुस्तावली हे ती सांगत नाही, आणि माणसाचं काय होईल हे तर अजिबातच सांगत नाही.

त्यातही फसायला भरपूर जागा आहेत. काही रसायनं स्वतःच त्या डायला जांभळं करतात, मग पेशी मेल्या तरी जिवंत वाटतात. काही रसायनं पाण्यात विरघळतच नाहीत, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशींवर सुयांसारखे स्फटिक पडलेले असतात आणि आपण इकडे डोसचा आलेख काढत बसलेलो असतो. ज्या डीएमएसओमध्ये आपण रसायन विरघळवतो तेच एक टक्क्याच्या वर गेलं की पेशींना त्रास द्यायला लागतं, म्हणून नुसतं डीएमएसओ घातलेला एक कॉलम लागतोच लागतो.

आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगतो. न्यूक्लिओसाइडसारख्या, म्हणजे डीएनए ज्या तुकड्यांपासून बनतो त्यांच्यासारख्या, बांधणीचं एक रसायन होतं, ते एका कॅन्सरच्या सेल लाइनला (लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशींना) अगदी कमी डोसमध्ये मारायचं आणि नॉर्मल पेशींना हातही लावायचं नाही. सहा महिने आम्ही त्याच्या मागे होतो, तीन वेळा रिपीट झालं, तिन्ही वेळा तेच. मग टीममधल्या एका नवीन मुलीने दुसऱ्याच कारणासाठी त्या पेशींना निळा डीएनए डाय लावला आणि मला बोलावून म्हणाली, सर, न्यूक्लिअसच्या बाहेर हे ठिपके कसले आहेत? बघितलं तर प्रत्येक पेशीभोवती निळी बारीक धूळ बसल्यासारखी. मायकोप्लाझ्मा. हा इतका छोटा जीवाणू असतो की मीडिया, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतो तो, गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, नेहमीची पेनिसिलिन त्याला लागत नाही कारण त्याला पेशीभित्तीच नसते, आणि त्याची स्वतःची एन्झाइम्स असतात जी न्यूक्लिओसाइडसारख्या रसायनांना मोडून कधी निरुपयोगी तर कधी विषारी करतात. लिक्विड नायट्रोजनमधून त्याच लाइनची जुनी स्वच्छ व्हायल काढली, वाढवली, परत प्लेट लावली. सगळा फरक गायब. सहा महिने आम्ही त्या जीवाणूचं काम मोजत होतो. तेव्हापासून आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी मायकोप्लाझ्माची टेस्ट होते आणि तिच्या रिपोर्टशिवाय कोणाचाही आकडा मीटिंगमध्ये चर्चेला घेतला जात नाही.

बरं, समजा हे सगळं तपासलं आणि रसायन खरंच पेशी मारतंय. पुढचा प्रश्न, किती डोसला? डिशमध्ये तुम्ही हवं तेवढं ओतू शकता, शरीरात नाही. २०२० मध्ये आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचं हेच झालं, डिशमध्ये कोरोना व्हायरस थांबला हे खरं होतं, पण ज्या डोसला थांबला तेवढं रक्तात आणायला नेहमीच्या गोळीच्या कितीतरी पट औषध लागलं असतं. शिवाय रक्तात गेल्यावर बरीच औषधं प्रोटीनला चिकटून बसतात, काही तर ९९ टक्के चिकटतात, म्हणजे काम करायला मोकळं राहतं एक टक्का. डिशमधल्या मीडियात सीरम (रक्तातला प्रोटीन असलेला द्रव) असतं साधारण दहा टक्के, तिथे हे नीट दिसत नाही. मग लिव्हर त्याची मोडतोड करते, किडनी बाहेर टाकते, आणि गाठीच्या आत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात त्यामुळे मधल्या पेशींपर्यंत औषध पोचायचीही खात्री नाही.

आणि कोणती पेशी वापरली यानेही उत्तर बदलतं. मलेरियावरचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन कोरोनासाठी वापरत होते, आठवतंय ना? व्हेरो नावाच्या पेशींमध्ये, ज्या मूळच्या माकडाच्या किडनीच्या, त्याने व्हायरस छान अडवला. कारण तिथे व्हायरस पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीतून शिरतो आणि हे औषध त्या पिशवीचं आम्ल कमी करतं. पण माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींवर टीएमपीआरएसएस२ नावाचं एन्झाइम असतं, त्याच्या मदतीने व्हायरस दाराशीच आत घुसतो, पिशवीची गरजच नाही. फुप्फुसाच्या पेशी घेऊन बघितलं तेव्हा औषध चाललं नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या कोरोनावरच्या ट्रायलमध्ये हॉस्पिटलमधल्या पेशंटना देऊन बघितलं तर २८ दिवसांत औषध घेणाऱ्यांमध्ये २७ टक्के मृत्यू, न घेणाऱ्यांमध्ये २५ टक्के. म्हणजे फायदा शून्य. त्याच ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन या जुन्यापुराण्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी केले, आणि ते व्हायरसला मारतच नाही, ते आपल्याच इम्युनिटीचा भडका शांत करतं. व्हायरस मारण्याच्या डिशमध्ये ते कधीच निवडलं गेलं नसतं.

डिश उलट दिशेनेही चुकते आणि मला वाटतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये प्रोन्टोसिल नावाचा लाल रंग उंदरांना दिला आणि जंतुसंसर्ग झालेले उंदीर वाचले, पण तेच काचेच्या नळीत जंतूंवर टाकलं तर जंतूंना काहीच होईना. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी उलगडा केला, की शरीर त्या रंगाचे तुकडे करतं आणि त्यातला सल्फानिलामाइड हा तुकडा खरं औषध आहे. टीबीचं पायराझिनामाइड घ्या. साध्या मीडियात टीबीच्या जंतूवर त्याचा प्रभाव जवळपास नाहीच, मीडिया आम्लधर्मी केला तरच दिसतो. पण उंदरात ते चालतं हे दिसलं म्हणून १९५२ पासून ते माणसात आलं, आणि आज टीबीचा कोर्स सहा महिन्यांत संपतो त्यात त्याचा मोठा वाटा आहे. मी टीबीच्या लॅबमध्ये असताना हे वाचलं आणि त्यानंतर निगेटिव्ह प्लेट फेकून देताना हात थांबायला लागला.

आता कॅन्सरचं घोडं नेमकं कुठे अडतं ते बघू. जीवाणू परका असतो. मायकोप्लाझ्मासारखे अपवाद सोडले तर त्याला पेशीभित्ती असते, आपल्या पेशींना नसते, पेनिसिलिन ती भित्ती बांधूच देत नाही, त्यामुळे जंतू फुटतो आणि आपल्याला फारसं काही होत नाही. कॅन्सरची पेशी मात्र आपलीच. तीच जीन्स, तीच यंत्रणा, काही बटणं बिघडलेली. त्यामुळे तिला मारणारं औषध आपल्याला किती मारतं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून बरोबर चालतो. केमोत केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, कारण केसांची मुळं, तोंडातलं अस्तर आणि बोन मॅरो इथल्या पेशीही भराभर विभागतात आणि औषधाला त्यांच्यात आणि गाठीत फारसा फरक कळत नाही. गाठीला पुरणारा डोस आणि माणसाला सोसणारा डोस यांच्यात जी फट असते ना, आमचं सगळं काम त्या फटीत चालतं, पेशी मारण्यात नाही.

ती फट कधी कधी छान सापडते. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक आखूड क्रोमोसोम दिसला. १९७३ मध्ये जॅनेट राऊली यांनी दाखवलं की ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालीय. त्या जोडातून बीसीआर-एबल नावाचं एक प्रोटीन तयार होतं जे नॉर्मल पेशीत नसतंच, आणि तेच पेशीला सतत वाढ म्हणून सांगत राहतं. ते बंद करणारं इमॅटिनिब १९९८ मध्ये पहिल्यांदा माणसात दिलं गेलं, ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेतलेल्या ५४ पैकी ५३ पेशंटचं रक्त नॉर्मलला आलं, २००१ मध्ये मंजुरी मिळाली, आणि नंतरच्या मोठ्या ट्रायलमध्ये दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के लोक जिवंत होते. क्रोमोसोम दिसण्यापासून गोळी हातात येईपर्यंत ४१ वर्षं. आणि एवढं करूनही काही पेशंटमध्ये त्या प्रोटीनचं एकच अमिनो ॲसिड बदलतं, ३१५ नंबरचं, आणि गोळीला बसायला जागाच उरत नाही.

या रेझिस्टन्सचं, म्हणजे औषधाला दाद न देण्याचं, गणित मी टीबीत शिकलो. टीबीच्या जंतूत दहा लाखांत साधारण एखादा आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला आपोआप दाद न देणारा निघतो, रिफॅम्पिसिनसाठी दहा कोटींत एखादा, आणि फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी किंवा जास्त जंतू सहज असतात. म्हणजे एकच औषध दिलं तर त्याला न जुमानणारे आधीपासून तिथे बसलेलेच आहेत, बाकीचे मेले की त्यांना रान मोकळं. दोन्ही औषधं एकदम दिली तर दोघांनाही चकवणारा जंतू असायची शक्यता जवळपास संपते. कॅन्सरची एक सेंटिमीटरची गाठ म्हणजे अंदाजे १०० कोटी पेशी, हिशोब तोच. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फ्राय आणि फ्रायराइक यांनी लहान मुलांच्या ल्युकेमियात चार औषधं एकत्र द्यायला सुरुवात केली, टीबीचा अनुभव त्यांच्यासमोर होता. त्या चारांतलं एक व्हिन्क्रिस्टीन, सदाफुलीतून काढलेलं. तेव्हा लोक म्हणायचे एवढं विष एकदम मुलांना देणं क्रूरपणा आहे. आज त्या आजाराची नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलं बरी होतात. हा आकडा लिहिताना मला दरवेळी भरून येतं, खरंच.

उंदरांबद्दल थोडक्यात. माणसाची गाठ उंदरात वाढवायची तर त्याची इम्युनिटी काढून टाकावी लागते, नाहीतर तो ती नाकारतो. म्हणजे गाठीशी लढणारी आपली स्वतःची फौजच नसलेल्या प्राण्यात आपण औषध तपासतो. चेकपॉइंट इनहिबिटर, ज्यांच्यामागच्या शोधासाठी २०१८ चं नोबेल ॲलिसन आणि होन्जो यांना मिळालं, ती औषधं अशा उंदरात काहीच करणार नाहीत, कारण ती गाठीला हातच लावत नाहीत, टी पेशींचा, म्हणजे इम्युनिटीच्या सैनिक पेशींचा, ब्रेक सोडतात. आणि प्राण्यात सुरक्षित म्हणजे माणसात सुरक्षित असंही नाही. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी सहा धडधाकट तरुणांना दिली, माकडांना सोसलेल्या डोसच्या पाचशेव्या हिश्श्याने, आणि काही तासांत सहाही जण आयसीयूत. जीव वाचले, पण त्यानंतर पहिल्यांदा माणसात औषध द्यायचे नियमच बदलले, आता पहिल्याला देऊन वाट बघतात आणि मगच दुसऱ्याला.

म्हणून एवढी वर्षं जातात. फेज वनमध्ये डोस आणि सुरक्षितता, फेज टू मध्ये गाठ हलते का, फेज थ्रीमध्ये सध्याच्या उपचारापेक्षा खरंच बरं आहे का. सगळ्या आजारांचा हिशोब केला तर फेज वनला शिरलेल्या दहातलं जेमतेम एक मंजूर होतं, कॅन्सरमध्ये त्याहून कमी. आणि गाठ छोटी झाली म्हणजे माणूस जास्त जगला असंही नसतं. बेव्हासिझुमॅबला पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी अमेरिकेत २००८ मध्ये घाईने मंजुरी दिली, कारण आजार वाढायला वेळ लागत होता. पुढच्या ट्रायलमध्ये आयुष्य वाढत नाही असं दिसलं आणि २०११ मध्ये त्या आजारापुरती ती मंजुरी काढून घेतली. काही पेशंटनी याला कळकळीने विरोध केला होता, आणि त्यांचं दुःख मला समजतं, तरी निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे.

राहिला दाबून ठेवण्याचा प्रश्न. हिपॅटायटिस सी बघा, २०१३ मध्ये सोफोसबुवीर आलं आणि आता अशा गोळ्यांच्या १२ आठवड्यांच्या कोर्सने ९० टक्क्यांहून जास्त लोकांचा व्हायरस कायमचा जातो. पूर्ण बरं करणारं औषध, आणि कंपनीने ते लपवलं नाही, अतिशय महाग विकलं. राग यायचा तर किमतीवर यावा. दुसरीकडे प्लाझोमायसिन हे नवीन अँटिबायोटिक २०१८ मध्ये मंजूर झालं आणि २०१९ मध्ये ते बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, कारण नवीन अँटिबायोटिक डॉक्टर जपून, शेवटचा उपाय म्हणूनच वापरतात, तसंच वापरायला पाहिजे, पण मग खप कुठून होणार. औषधं लपवली जात नाहीत, पैशाअभावी सोडून दिली जातात, आणि हे मला जास्त टोचतं. कधी सोडून दिलेलं परतही येतं. एझेडटी १९६४ मध्ये कॅन्सरसाठी बनवलं होतं, चाललं नाही, बाजूला पडलं, आणि १९८७ मध्ये तेच एचआयव्हीचं पहिलं मंजूर औषध झालं.

आता तुमच्या मावशीबद्दल. कोणती बातमी वाचलीत तर आधी बघा, पेशींवर, उंदरांवर की माणसांवर. माणसांवर असेल तर किती जण, आणि तुलना कशाशी. पेशी किंवा उंदीर असेल तर ते औषध तिच्या उपचाराच्या काळात हातात येण्याची शक्यता जवळजवळ नाही, त्यामागे धावून चालू असलेला उपचार चुकवू नका. हे अगदी हात जोडून सांगतो, कारण असं करून वेळ घालवलेली माणसं मी बघितलीत. ट्रायलमध्ये जायचा विचार असेल तर तिच्या ऑन्कॉलॉजिस्टला मोकळेपणाने विचारा: कोणती फेज आहे, औषध मिळालं नाही तर त्याऐवजी काय मिळणार, मधेच सोडता येतं का (येतं, कारण न देता), आणि तिच्या गाठीची कोणती म्युटेशन (जीन्समधले बदल) तपासलीत. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण हल्लीच्या बऱ्याच ट्रायलमध्ये अवयवापेक्षा म्युटेशन बघून पेशंट घेतात. जाताना सगळ्या रिपोर्टची फाइल बरोबर ठेवा आणि बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी काढलेला आणि मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, कोणत्या लॅबमध्ये आहे ते आधीच विचारून ठेवा, बऱ्याचदा पहिल्यांदा तोच मागतात आणि तो शोधण्यातच दोन-तीन आठवडे जातात.